तळाचं वीतभर पाणी

जुन्या पाइपचा घेर ३ मीटर ८७ सेंटिमीटर भरला, तेव्हा मी टेप पुन्हा एकदा फिरवायला सांगितली. पुन्हा तेवढाच. नकाशात पाइपचा बाहेरचा व्यास १,२२० मिलिमीटर दिला होता आणि घेराला ३.१४ ने भागलं की येत होता १,२३२. मग खड्ड्यात उतरून वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे असं वेगवेगळं माप घेतलं. खाली-वर १,२२६, आडवा १,२३८. इतकी वर्षं माती आणि वरच्या रहदारीचा भार सोसून पाइप थोडा चेपला होता, कुशीला फुगला होता.

फरक बारा मिलिमीटरचा, बोटाच्या एका पेराएवढाही नाही. पण आमची ‘टी’, म्हणजे जुन्या लाइनमधून नवा फाटा काढणारा तीन तोंडांचा जोड, नकाशावरच्या मापाने बनून आली असती, तर ऐन शटडाऊनच्या दिवशी ती जुन्या पाइपच्या तोंडाशी जुळलीच नसती. आणि त्या वेळी खड्ड्याच्या काठावर उभं राहून काहीही करता आलं नसतं, कारण तोवर शहराच्या एका मोठ्या भागाचं पाणी आम्ही बंद करून बसलेलो असतो. त्याच संध्याकाळी फॅब्रिकेशनच्या शेडला फोन करून मी टीचं माप बदलून घेतलं.

मी पाइपलाइनच्या ठेकेदाराकडे साइट इंजिनिअर आहे. कर्वेनगर-कोथरूडच्या पट्ट्यात नवी १,००० मिलिमीटरची लाइन टाकून झाली होती. एका नव्या टाकीकडे जाणारी ही लाइन आता १,२०० मिलिमीटरच्या जुन्या, चालू लाइनला जोडायची होती. कागदावर काम छोटंसं दिसतं. जुन्या पाइपचा अडीच मीटरचा तुकडा कापून काढायचा, तिथे टी बसवायची, टीची दोन टोकं जुन्या पाइपला वेल्ड करायची आणि तिसरं तोंड नव्या लाइनच्या व्हॉल्व्हला बोल्टने जोडायचं. एवढ्यासाठी एक गुरुवार मिळतो. पुणेकरांना गुरुवार सांगावा लागत नाही. ‘गुरुवारी पाणीपुरवठा बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने’ ही ओळ आपण सगळेच लहानपणापासून वाचत आलोय. आमच्या घरी आई बुधवारी रात्री पिंप, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायची. शुक्रवारी कमी दाबाने का, हा प्रश्न मात्र मला या कामात पडेपर्यंत कधी पडला नव्हता.

आधीच्या तीन आठवड्यांत जे केलं, ते महत्त्वाचं. नवी लाइन तिच्या व्हॉल्व्हपर्यंत आधीच दाब देऊन तपासली, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन घेतली. टी ज्या जागी येणार तिच्या पाठीमागे काँक्रीटचा ठोकळा आधीच ओतून ठेवला. ४० मीटर उंचीइतका पाण्याचा दाब धरला, तर १,००० मिलिमीटरच्या तोंडाचा टीच्या पाठीवर सुमारे ३१ टनांचा रेटा येतो. काँक्रीट त्याच दिवशी ओतून संध्याकाळी पाणी सोडता येत नाही. म्हणून ठोकळा आणि टी यांच्यात बोटभर फट ठेवायची, टी बसली की तीत लोखंडी पट्ट्या ठोकून लवकर घट्ट होणारा ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचा. खड्डाही नुसता पाइपपर्यंत खणून चालत नाही. वेल्डरला पाइपखाली उताणं पडून काम करायचं असतं, म्हणून पाइपच्या तळाखाली आणखी दोन-अडीच फूट माती काढावी लागते. ही जागा देताना हात आखडला, तर त्याची किंमत तळाच्या वेल्डिंगला मोजावी लागते.

आणि व्हॉल्व्ह. त्यांची सगळी माहिती आम्हाला मामांकडून मिळाली. मामा म्हणजे त्या भागाचे व्हॉल्व्हमन, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. नकाशात पाणी काढून टाकायचा वॉशआउट दाखवला होता, पण जागेवर होता नुसता डांबरी रस्ता. कधीतरी रस्ता नव्याने केला तेव्हा झाकण डांबराखाली गेलेलं. मामा आले, विजेच्या खांबाला पाठ लावून उभे राहिले, सात पावलं चालले आणि टाच आपटून म्हणाले, “इथं खोदा ताई.” ब्रेकरने खपली काढली. फूटभर खाली झाकण. त्या सात पावलांची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती. त्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर फिरून एकेका चेंबरचं अंतर, व्हॉल्व्ह कुठल्या दिशेने बंद होतो, त्याचे आटे किती, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. माझं ठाम मत आहे की अशी माणसं निवृत्त होण्याआधी त्यांच्याबरोबर कुणीतरी महिनाभर वही घेऊन फिरलंच पाहिजे.

तालीमही केली. एका रात्री दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह अर्धा तास बंद करून पाहिले. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उतरला आणि आम्ही खूश झालो. पाणी वाया जाईल म्हणून वॉशआउट मात्र उघडला नाही. ही माझी चूक. व्हॉल्व्ह खरंच धरतो की पास होतो, म्हणजे बंद असूनही पाणी सोडतो, हे लाइन रिकामी केल्याशिवाय नीट कळत नाही.

गुरुवारी पहाटे पाचला मामा आणि त्यांचे तिघे सोबती चेंबरपाशी होते. मोठा व्हॉल्व्ह झटकन बंद करता येत नाही. वाहतं पाणी एकदम अडवलं तर त्याचा धक्का उलटा लाइनभर धावतो आणि जिथे कच्चं असेल तिथे पाइप फोडतो. चौघेजण टीच्या आकाराची लांब चावी धरून गोल फिरत होते, मामा आटे मोजत होते. शेवटचे आटे तर इतके हळू की मध्येच थांबून ते हातानेच अंदाज घ्यायचे. साडेसहाला दोन्ही बाजू बंद झाल्या आणि वॉशआउट उघडला.

दोन व्हॉल्व्हमधली लाइन दीड किलोमीटरची. १,२०० मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरला ११३० लिटर पाणी मावतं, म्हणजे सगळं मिळून सुमारे १७ लाख लिटर. दहा हजार लिटरचे १७० टँकर. ते पाणी नाल्यात जाताना बघायला मला अजूनही जड जातं. झाडांसाठी दोन टँकर भरून घेतले होते. त्याहून जास्त काही जमलं नाही. तीन तासांत जोर संपला. साडेनऊला पाइपच्या पोटाला ड्रिलने छोटं भोक पाडलं. या भोकातून येणारी धार बारीक होत थांबायला हवी होती. ती थांबली नाही. दहाला तेवढीच, साडेदहालाही तेवढीच.

मामा वरच्या चेंबरकडे गेले, मीही मागोमाग. त्यांनी लोखंडी पहार घेतली, तिचं टोक व्हॉल्व्हच्या अंगावर टेकवलं आणि दुसरं टोक कानाला लावलं. डोळे मिटले. मग पहार माझ्या हातात दिली. मी कान लावला. आत कुठेतरी, खूप लांब, कढईत काहीतरी तळावं तसा बारीक चरचर आवाज येत होता.

“पास होतोय,” मामा म्हणाले. “खाली खाचंत गाळ बसलाय. दार पुरतं बसंना झालंय.”

त्यांनी व्हॉल्व्ह चार आटे उघडायला लावला, पाण्याचा झोत गाळ घेऊन जावा म्हणून, आणि पुन्हा बंद केला. पुन्हा पहार, पुन्हा कान. असं तीनदा. दर वेळी आवाज पातळ झाला, पण गेला नाही. “आता याच्यापुढं जोर केला तर दांडा तुटंल,” असं म्हणून त्यांनी चावी काढून घेतली. दांडा तुटला असता तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडताच आला नसता आणि शुक्रवार काय, शनिवारही गेला असता. मी ऐकलं.

पाइपच्या तळाशी वीतभर पाणी वाहत होतं. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटेल, वीतभर पाण्याने असं काय बिघडतं? सगळं बिघडतं. गॅस कटरची ज्योत लोखंडाला तापवून कापते. पलीकडून पाणी लागत असेल तर लोखंड तापतच नाही. वेल्डिंगचं त्याहून अवघड. ओल्या सांध्यावर रॉड लावला की पाण्याची वाफ होते, वितळलेल्या धातूत बुडबुडे अडकतात आणि जिथे बुडबुडा तिथे पुढे गळती. १,२०० मिलिमीटरच्या पाइपच्या जवळजवळ चार मीटर घेरात साडेतीन मीटर वेल्ड उत्तम झाला आणि तळाचा अर्धा मीटर ओला राहिला, तर तो सांधा झालाच नाही असं समजायचं. आणि तळाचाच भाग असा की तिथे पाणी साचतं, माणूस उताणा पडून काम करतो आणि वितळलेलं लोखंड खाली ओघळू पाहतं.

साडेअकराला कापायला घेतलं, ठरल्यापेक्षा दोन तास उशिरा. वरून आणि बाजूंनी पाइप सरळ कापला गेला. तळाशी ज्योत फुरफुरत राहिली, कडा काळी पडली, पण भेद होईना. शेवटी तळाची ती फूटभर कड ग्राइंडरने इंचाइंचाने कापली. दोन ग्राइंडर आळीपाळीने, कापणारी माणसं चिंब. दोन वाजता हायड्रा क्रेनने तुकडा उचलला. अस्तरासकट टनभर वजनाचा असेल. तो हवेत असताना खड्ड्यात कुणी उभं राहायचं नाही हे मी सकाळपासून चार वेळा सांगितलं होतं, तरी पाचव्यांदा ओरडून सांगितलं.

कापलेल्या तोंडातून मी आत पाहिलं, तेव्हा काही क्षण घाई विसरले. आतलं सिमेंटचं अस्तर पावलाला गुळगुळीत लागेल असं, त्यावर चहासारख्या रंगाचा पातळ थर. एकाच ठिकाणी, तळहाताएवढं अस्तर निघालेलं होतं आणि तेवढ्याच जागेवर गंजाचे कोंब फुटले होते, आल्याच्या कुडीसारखे. बाजूला बोटभर अंतरावर अस्तर शाबूत होतं आणि त्याखालचं लोखंड कापाच्या कडेला नव्यासारखं चमकत होतं. सिमेंटचा तो पाऊण इंचाहूनही कमी जाडीचा थर या शहराचं पाणी इतकी वर्षं नेत होता. वेल्डिंगजवळचं अस्तर आतून पुन्हा हाताने लिंपून घ्यायचं काम अनेक ठिकाणी उरकून टाकतात. तो गंजाचा तुकडा पाहिल्यापासून मी ते काम स्वतः आत जाऊन बघते.

आता प्रश्न त्या पाण्याचा. आमच्या फिटरने सुचवलं ते केलं. वरच्या बाजूच्या पाइपमध्ये, तोंडापासून तीन-साडेतीन मीटर आत, काळ्या मातीच्या पोत्यांचा छोटा बांध घातला आणि त्याच्यामागे साचणारं पाणी पंपाने उपसायला सुरुवात केली. आत जाणाऱ्याच्या कमरेला दोर, बाहेर दोर धरणारा एक जण, ब्लोअरने हवा चालू. चौदा पोती आत गेली. मी मोजून वहीत लिहिली. बांधातूनही करंगळीएवढी धार पाझरत होतीच. तिच्यासाठी सांध्याच्या थोडं अलीकडे पाइपच्या तळाला ५० मिलिमीटरचं सॉकेट, म्हणजे आट्यांचं छोटं तोंड, बसवलं, म्हणजे धार सांध्यापर्यंत पोहोचण्याआधीच खाली गळून जाईल. सगळं झाल्यावर त्या सॉकेटला आट्यांचा प्लग. फिटरला हे कुणी शिकवलं असं विचारलं, तर म्हणाला, “चार वेळा भिजलोय मॅडम.”

टी खाली उतरवली साडेतीनला. मापाने बनवलेली असल्यामुळे ती दोन्ही तोंडांच्या मध्ये बेताने बसली. तरी जुना पाइप आडवा फुगलेला आणि टी गोल, त्यामुळे एका कुशीला कड पुढे येत होती. खलाशांनी, म्हणजे जड सामान हलवणाऱ्या गड्यांनी, जॅक लावून, पाचरी ठोकून पाइप हळूहळू गोल करत आणला. सांध्यांवर कॉलर घातली. कॉलर म्हणजे जाड पत्र्याची दोन अर्धी कडी, ती पाइपला बाहेरून मिठी मारतात आणि दोन्ही कडांना वेल्ड होतात. थोडं वाकडंतिकडं त्यात सामावून जातं. नव्या लाइनकडच्या तोंडाचा फ्लँज, म्हणजे बोल्टची भोकं असलेली जाड कडी, आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता. तो आधी व्हॉल्व्हच्या फ्लँजवर धरून अठ्ठावीसच्या अठ्ठावीस बोल्ट हाताने फिरतात का पाहिले आणि मगच टीला टाचला.

सहा वाजता वेल्डिंग सुरू झालं. एकेका सांध्यावर दोघे, समोरासमोर, म्हणजे उष्णतेने पाइप एका बाजूला ओढला जाऊ नये.

याच सुमारास लोक खड्ड्यापाशी यायला लागले. चिडलेले होते, पण बोलले नीट. शेजारच्या सोसायटीतल्या एक आजी आल्या. त्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेले आजोबा होते. “रात्री तरी येईल का गं?” आधीच्या एका कामाला मी अशाच कुणाला ‘येईल, येईल’ म्हणाले होते आणि आलं नव्हतं. या वेळी म्हटलं, “नाही आजी. तुमच्याकडे उद्या दुपारी येईल. तुमची इमारत उतारावर वरच्या अंगाला आहे, तिथे सगळ्यांत शेवटी चढतं.” त्यांच्यासाठी टँकरवाल्याला थांबवून चार कॅन भरून दिले. तासाभराने त्यांचा नातू साठवणीतल्या पाण्याची कळशी घेऊन आला, वेल्डरांना प्यायला.

अकराला बाहेरचं वेल्डिंग संपलं. घाईच्या कामात पाणी भरून दाबाची चाचणी घ्यायला सवड नसते, म्हणून डीपी टेस्ट केली. वेल्डवर लाल द्रव फवारायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, स्वच्छ पुसायचा आणि पांढरी पूड मारायची. कुठे बारीक छिद्र असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. बॅटरी घेऊन मी पाइपखाली उताणी सरकले. वरच्या बाजूच्या सांध्याला, अगदी तळाला, मोहरीएवढा लाल ठिपका उमटला. नेमका तिथेच. वेल्डरने एक शब्द न बोलता ग्राइंडर घेतला, बोटभर वेल्ड खरवडून काढला आणि नव्याने भरला. पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. ठिपका नाही.

मग टीवरच्या मॅनहोलमधून आत. सांध्यावरचं अस्तर लवकर सेट होणाऱ्या सिमेंटने लिंपून घेतलं. ते धरेपर्यंत पंप चालू ठेवला आणि मग पोती काढली. अकरा, बारा, तेरा. चौदावं मिळेना. दोर बांधलेला पोरगा पुन्हा आत गेला. ते फाटून तळाला चिकटलं होतं. माती हाताने भरून बाहेर आणली, पाइप पुसून घेतला. ते पोतं आत राहिलं असतं तर गोणपाट पुढे कुठल्यातरी व्हॉल्व्हच्या खाचेत जाऊन बसलं असतं आणि काही वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी पहारीला कान लावला असता. सॉकेटचा प्लग घट्ट केला, मॅनहोलचं झाकण लावलं, टीच्या पाठीमागचा ग्राउट तोवर दगड झाला होता.

दीड वाजता मामांनी व्हॉल्व्ह उघडायला घेतला. आधी मोजके आटे, मग थांबणं. आता त्या शुक्रवारचं उत्तर. रिकाम्या लाइनमध्ये पाणी सोडायचं म्हणजे तेवढीच हवा बाहेर काढायची असते. भराभर सोडलं तर हवेचे गोळे अडकतात, दाबले जातात आणि एकदम सुटले की पाइपला हादरे बसतात. लाइनच्या उंच जागी एअर व्हॉल्व्ह असतात ते यासाठीच. अठराव्या शतकात पेशव्यांनी कात्रजहून शनिवारवाड्याकडे पाणी आणलं, त्या नळावरही हवेसाठी उच्छ्वास बांधलेले आहेत, गरज तीच. रात्रीच्या शांततेत एअर व्हॉल्व्हचा सुस्कारा दोन चौक पलीकडे ऐकू येत होता. सुस्काऱ्याची शिटी झाली, शिटीत पाण्याचे थेंब आले आणि तो टपकन बंद झाला, की तिथवर लाइन भरली. १७ लाख लिटर भरायला तीन तास लागले. त्यानंतर पहिलं तांबूस पाणी वॉशआउटमधून सोडून दिलं, नितळ आल्यावर क्लोरीन तपासला. मग टाक्या भरायच्या, टाक्यांमधून गल्लीबोळांतल्या लाइनी भरायच्या, आणि जो तो रिकामी पिंपं घेऊन नळ उघडून बसलेला. सखल भागातले नळ आधी पाणी ओढतात, म्हणून चढावर दाब पोहोचतच नाही. सकाळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेले असूनही आजींकडे पाणी पोहोचायला दुपारचे अडीच वाजले. मी फोन करून विचारलं होतं.

मामा साडेचारला घरी गेले. जाताना वही मागून घेतली आणि वरच्या व्हॉल्व्हपुढे स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘पास होतो. वर्षातून दोनदा फिरवणे.’

शनिवारी सकाळी खड्डा बुजवायला जेसीबी आला. त्याआधी मी एकदा खाली उतरले. लाइन जवळजवळ एक दिवस पूर्ण दाबाखाली होती. पाइपखाली सरकून तळाच्या सांध्याखाली हात घातला. हाताला कोरडी माती लागली. वर आले आणि जेसीबीवाल्याला खूण केली.